मदत हवी आहे: सायकलच्या लाकडी फ्रेममधील बॉटम ब्रॅकेटची नळी सैल होते

सुतारपक्षी:
वजन कमी राहावे म्हणून मी फ्रेमचे दोन अर्धे भाग आतून कोरून जोडले आणि बॉटम ब्रॅकेटसाठी (क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, ज्या आसावर फिरतात तो भाग) ६८ मिलिमीटर रुंदीची ॲल्युमिनियमची नळी इपॉक्सी गोंदाने बसवली. चढावर जोर लावला की ती कुरकुरते आणि क्रँक हलवल्यास कडेला केसाएवढी फट उघडताना दिसते. पुन्हा चिकटवूनही तेच होते. कृपया लवकर उपाय सांगावा.

कानस:
लाकूड कोणते, ते कितपत वाळलेले होते, नळीभोवतीची भिंत किती जाड आहे आणि नळी घासून घेतली होती का, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

हिरवी काठी:
कोरण्याचा खटाटोप करण्यापेक्षा बांबू वापरावा. तो मुळातच पोकळ असतो आणि इपॉक्सीत भिजवलेल्या तागाने गुंडाळलेले सांधे मी स्वतः वापरून पाहिले आहेत.

कानस:
बांबूच्या फ्रेममध्येही ही नळी धातूचीच असते, त्यामुळे मूळ अडचण तशीच राहते.

जुनी चाके:
जर्मन संशोधक कार्ल द्राइस यांचे १८१७ चे दुचाकी वाहन लाकडीच होते. मात्र त्याला पेडल नसल्याने हा ताण त्यावर येतच नव्हता.

लाखकाम:
बाहेरून पॉलियुरेथेनचे तीन हात द्यावेत, चमक टिकते.

सुतारपक्षी:
चमकेचा प्रश्नच नाही. लाकूड वाळलेला साग आहे, भिंत ६ मिलिमीटर आहे आणि नळी लेथवरून आली तशीच बसवली आहे. भिंत वाढवली तर वजन वाढेल.

कानस:
भिंत ३ मिलिमीटरने वाढवली तरी नळीभोवती जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम वाढतील, कारण सागाची घनता ॲल्युमिनियमच्या सुमारे एक चतुर्थांश असते. खरी कारणे दोन दिसतात. साग तेलकट असल्याने चिकटवण्याच्या थोडेच आधी तो ॲसिटोनने पुसावा लागतो. आणि गुळगुळीत ॲल्युमिनियमवर इपॉक्सी नीट धरत नाही, म्हणून नळी पॉलिश पेपरने खरवडून, पुसून, ऑक्साइडचा थर पुन्हा जाड होण्याआधी लगेच बसवावी. शिवाय दमट हवेत लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे गोल भोक लंबगोल होऊ पाहते. एकाआड एक आडव्या-उभ्या थरांच्या प्लायवूडचे कडे भोकात बसवून नळी त्यात चिकटवल्यास हा फरक बराच कमी होतो.

सुतारपक्षी:
कड्यात नळी ठोकून घट्ट बसवू का?

कानस:
नको, ठोकल्यास इपॉक्सी सगळे बाहेर निघते. ती हाताने फिरेल इतपत जागा ठेवावी आणि पूर्ण पक्की होण्यासाठी आठवडाभर सायकल चालवू नये.