मदत हवी आहे: वामनदादांच्या कॅसेटचा वेग कसा जुळवावा?

लोकशाहीर वामनदादा कर्डक (1922–2004) स्वतःची गीतं स्वतः गाताहेत, अशी सी-90 (90 मिनिटांची) कॅसेट डिजिटल करायची आहे. डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलंय.

टेपवरची विजेची गुणगुण 50 ऐवजी 53 हर्ट्झवर दिसते. म्हणजे वाजताना वेग 6 टक्के जास्त. हार्मोनियमवरची काळी एकची पट्टी पांढरी दोन होते, दादांचा आवाज पातळ लागतो. बाकी कॅसेटी याच डेकवर नीट वाजतात, म्हणजे मूळ रेकॉर्डरच हळू चालत होता. सरसकट 0.943 पट वेग करता आला असता, पण बाजू संपताना गुणगुण 52 वर उतरते. असा सरकता वेग कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवता?

शिवाय हेडसमोरची फोमची गादी निखळलीय, तार स्वर दबतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्क्रूवाली (उघडता येणारी) रिकामी कॅसेट अजून मिळते का? टेप त्यात हलवायची आहे, फोम चिकटवण्यापेक्षा तेच सुरक्षित.