हवा थेट ध्रुवापर्यंत का जात नाही

विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा सरळ ध्रुवापर्यंत का जात नाही, हा प्रश्न फार चांगला आहे. त्याआधी थोडी भर घालतो. "उन्हाने हवा तापते" असं म्हटलं जातं, पण ऊन हवेतून बरंचसं आरपार जातं. तापतात जमीन आणि समुद्र. समुद्राच्या एक किलो पाण्याची वाफ होताना ते साधारण २५ लाख जूल उष्णता घेतं. थर्मामीटरला ती दिसत नाही. वर जाऊन वाफेचे थेंब झाले की तीच उष्णता भोवतालच्या हवेला मिळते आणि हवा आणखी चढते. विषुववृत्तावरचे ढग १५-१६ किलोमीटर उंच जातात ते या जोरावर!

आता मूळ प्रश्न. विषुववृत्तावरची हवा पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १६७० किमी वेगाने पूर्वेकडे जात असते. ३० अंश अक्षांशावर जमिनीचा वेग मात्र १४५० च्या आसपास. त्यामुळे ध्रुवाकडे निघालेली हवा जमिनीला मागे टाकत पूर्वेकडे धावू लागते, तिची ध्रुवाकडची वाटचाल मंदावते आणि बरीचशी तिथेच खाली उतरते. उतरताना दाबली जाऊन तापते, कोरडी होते. सहारा याच पट्ट्यात आहे. पुढे ध्रुवाकडे उष्णता नेतात ती मुख्यतः मध्य अक्षांशांतली वादळं.

खाली आलेली हवा विषुववृत्ताकडे परतते, तेच व्यापारी वारे. जॉर्ज हॅडली या इंग्रज हवामान-अभ्यासकाने त्यांची सांगड पृथ्वीच्या फिरण्याशी १७३५ मध्ये घातली. दक्षिण गोलार्धातले हेच आग्नेयेकडून येणारे वारे जूनमध्ये विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून कोकणात पाऊस घेऊन येतात.