बिबट्यासाठी एआय सायरन: खरंच उपयोग आहे की नुसतं उद्घाटन?

कुकडीकाठचा

जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत, आता एआय कॅमेरे आणि सायरन लागायला लागलेत. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. खांबावर कॅमेरा, समोर काही हललं की फोटो निघतो, सॉफ्टवेअर ठरवतं की हा बिबट्या आहे का कुत्रं आहे, बिबट्या निघाला की भोंगा वाजतो आणि वनविभागाच्या लोकांना मेसेज जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात तीन जीव गेले, ५ वर्षांची मुलगी, एक आजी आणि १३ वर्षांचा मुलगा. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक हायवे अडवला, शेवटी त्या बिबट्याला गोळी घातली. तेव्हापासून जो तो म्हणतोय एआय लावा, एआय लावा.

माझा विरोध कॅमेऱ्याला नाही हो, पण मूळ दुखणं सोडून हे चाललंय. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्री दोन वाजता उसाला पाणी द्यायला माणूस बॅटरी घेऊन एकटा सरीत उभा, भोंगा वाजून त्यानं करायचं काय? पळायचं कुठं, दोन्ही बाजूंनी दहा फूट ऊस. दिवसा थ्री फेज, म्हणजे मोटर चालते ती लाईट द्या, निम्म्या सायरनची गरजच पडणार नाही. पण दिवसा लाईट दिली तर फीत कापता येत नाही ना.

हिंजवडी_ते_नारायणगाव

दादा, भावना समजतात पण मुद्दा चुकतोय. पिंपरखेडच्या त्या दोन्ही लेकरांवर हल्ले दिवसाढवळ्या झालेत. तिथं रात्रीच्या लाईटचा काय संबंध? दिवसा लाईट पाहिजेच, मी कुठं नको म्हणतो, माझे वडीलही दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रात्रीच जातात. पण त्यासाठी सरकारची सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे, ते सोलरचे प्रकल्प उभे राहून आपल्या फीडरला, म्हणजे शेतीच्या लाईनला, दिवसाची लाईट येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं का? कॅमेरा आज लावला तर आज चालू होतो. चंद्रपूरला ताडोबाच्या कडेला सीतारामपेठला वाघासाठी असाच प्रयोग केलाय, गावाच्या बाजूनं कॅमेऱ्यांची भिंत, वाघ आला की गावाला आधी कळतं. आपल्याकडं काही नवीन आलं की आधी खोट काढायची ही सवय झालीये.

कुकडीकाठचा

बरोबर, दिवसाच झाले. मग तर माझा मुद्दा आणखी पक्का होतो. ऊस घराच्या भिंतीला टेकलाय. बिबट्या उसात बसलेला, पोरगं अंगणात, मध्ये अंतर किती? तुमचा कॅमेरा रस्त्याकडं तोंड करून खांबावर. उसाच्या आत त्याला काय दिसतं सांगा की. जनावर बाहेर पडल्यावर फोटो, फोटोनंतर भोंगा, तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. ताडोबाला जंगल एका बाजूला आणि गाव एका बाजूला, तिथं मध्ये भिंत घालता येते. आमच्याकडं ऊस हेच जंगल आणि त्याच्यातच गाव, भिंत कुठल्या बाजूला घालणार?

रानटिपण

इथं थोडी माहिती टाकतो कारण दोन्हीकडून अर्धवट चाललंय.

डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. आडसाली ऊस १६-१८ महिने उभा असतो. मादीला पिल्लं द्यायला आडोसा, पाणी, आणि खायला कुत्री, शेळ्या, डुकरं. इथल्या कित्येक बिबट्यांनी डोंगर बघितलेलाच नाही, ते उसात जन्मले, उसातच वाढले. त्यामुळं "जंगलात नेऊन सोडा" हे म्हणायला सोपं. ते करून झालंय. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे, जुन्नर भागात २००१ च्या सुमारास बिबटे पकडून जवळच्या जंगलांत सोडले, त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ झाले. आणि सोडलेला बिबट्या तिथं राहतोच असंही नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक नर गळ्यात ठावठिकाणा कळवणारी कॉलर लावून माळशेजला सोडला, तो चालत चालत थेट मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचला, साधारण १२० किलोमीटर.

आता तंत्रज्ञानाबद्दल. पिंपरखेडला शोधमोहिमेत ट्रॅप कॅमेरे आणि थर्मल ड्रोन वापरले होते. माझ्या मते कॅमेऱ्याचा खरा उपयोग हा आहे, नेमका कुठला बिबट्या कुठं फिरतोय ते कळणं, म्हणजे एका जनावरासाठी दहा भलतेच पिंजऱ्यात कोंडायला नकोत. भोंग्याबद्दल मला शंका आहे. बिबट्या हुशार जनावर आहे, आवाजामागं काही त्रास होत नाही हे त्याला कळायला वेळ लागत नाही. फटाक्यांना तो आधीच सरावलाय, लग्नसराईत डीजे चालू असताना मागच्या गोठ्यातून शेळी नेतो.

वस्तीवरची

सगळे शहाणे लोक बोलून झाले असतील तर मी बोलते. मी वस्तीवर राहते, गावापासून लांब, पाच घरं. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडच्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जात होत्या, टीव्हीवाले येऊन फोटो काढून गेले, सगळ्यांना गंमत वाटली. घालून बघा एकदा. वाकलं की खिळा हनुवटीला लागतो.

आमच्या रस्त्यावर सायरन लागलाय. वाजला की मी पोरांना आत घेते, सासरे गोठ्याचं दार लावतात, शेजारचे बाहेर येऊन बॅटऱ्या मारतात. आधी काय होतं, कुत्रं केकाटलं की समजायचं. बिबट्या घाबरतो का नाही ते त्याचं तो बघेल, आम्हाला कळतं ना, मला तेवढं बास आहे. तुम्ही दिवसाच्या लाईटसाठी आंदोलन करा, मीही येते, पण त्यासाठी माझा सायरन नावं ठेवून काढायला लावू नका.

कुकडीकाठचा

ताई, काढा असं मी कुठंच म्हटलं नाही. पण खरं सांगा, तो आजवर उगाच किती वेळा वाजलाय?

वस्तीवरची

वाजतो की. परवा रानमांजराला वाजला. मग काय झालं? पोरं दहा मिनिटं आत बसली.

मीटर_डाऊन

वनमंत्र्यांनी नागपूरच्या अधिवेशनात सांगितलेला उपाय विसरलात सगळे. माणसं गेल्यावर भरपाईला कोटभर रुपये देण्यापेक्षा तेवढ्या पैशाच्या शेळ्याच जंगलात सोडा. मी म्हणतो त्या शेळ्यांना कॉलर लावा, एआय लावा, बिबट्याला ॲप द्या, घरपोच सेवा 😂

ठिबकवाला

हसण्यावारी नेऊ नका रे. लाईटचा मुद्दा आलाय म्हणून लिहितो. मोबाईल स्टार्टर सगळ्यांकडं आहे, मोटर अंथरुणातून चालू होते, त्याचं काय कौतुक नाही. अडचण पुढं आहे. सरी भरली की बारं मोडून, म्हणजे पाणी वळवून, दुसरं धरायला माणूसच लागतो, तिथं मोबाईल चालत नाही. म्हणून मी ठिबक केलं, आता रात्री एखादा वॉल्व्ह फिरवायला जावं लागतं, तोही विहिरीजवळ उजेडात, सगळा उसाचा प्लॉट तुडवायला लागत नाही. बिबट्यापासून वाचवणारं तंत्रज्ञान म्हणाल तर माझ्या अनुभवानं ठिबक पहिलं, कॅमेरा नंतर. आणि घराच्या भोवतीचा थोडा पट्टा ऊस लावायचा नाही, तिथं मेथी-कोथिंबीर करायची. भाव पडतो, मान्य, पण अंगणातून लांबचं दिसतं.

कुकडीकाठचा

हा माणूस कामाचं बोलला. पण एक एकरवाल्यानं घराभोवती ऊस लावायचा नाही म्हणजे लावायचा कुठं? त्याचं रान म्हणजेच घराभोवतीचा पट्टा.

ठिबकवाला

ते आहे.

साखरशाळा

मला वेगळंच सांगायचंय. कारखाना चालू झाला की बीड, पाथर्डीकडून ऊसतोड टोळ्या येतात. पाचटाच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या कोप्या करून राहतात, कुठं तर उसाच्या फडाशेजारी. दार म्हणजे पोत्याचा पडदा. पहाटे अंधारात आई-बाप तोडीला, लहान पोर कोपीत नाहीतर बांधावर झोळीत. सगळ्यात जास्त धोका कुणाला सांगा बरं? बिबट्याची पिल्लंही यांनाच सापडतात तोडताना, आणि पिल्लं सापडली की मादी जवळपास असतेच. वनविभागाचे आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राचे लोक ती पिल्लं क्रेटमध्ये घालून तिथंच ठेवतात, रात्री मादी येऊन घेऊन जाते, ते काम चांगलं चालतं त्यांचं. पण ती रात्र या लोकांनी तिथंच काढायची असते.

आणि तुमचा अलर्ट जातो कुठं? गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. टोळीतलं एक माणूस त्या ग्रुपवर नाही. सायरनचा खांब कुठं? गावाच्या चौकात, शाळेजवळ, मोठ्या वस्तीजवळ. फड तर दर आठवड्याला बदलतो. पाचशे मीटरवर भोंगा वाजतोय आणि कोपीत कुणाला माहीतच नाही तो कशाचा, त्यांना वाटतं कारखान्याचा. मेंढपाळांचंही तेच, आज या रानात वाडा, उद्या त्या रानात. ज्याच्या नावावर सातबारा त्याच्यापुरती ही सुरक्षा आहे असं माझं स्पष्ट मत.

हिंजवडी_ते_नारायणगाव

हा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. पण याचं उत्तर सिस्टीम काढा असं होत नाही, सिस्टीम हलती करा असं होतं. बॅटरीवर चालणारं छोटं युनिट टोळीबरोबर फिरलं पाहिजे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवायचं. अवघड नाहीये हे.

औंधकर

तुम्ही एआयनं बिबट्या ओळखायचं बोलताय, आमच्याकडं एआयनं बिबट्या तयार करतायत 🙏 नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यात औंधला खरंच बिबट्या दिसला, सीसीटीव्हीत आला. त्यानंतर जे सुरू झालं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगमधल्या बिबट्याचा फोटो आला, लोकांनी मॉर्निंग वॉक बंद केलं, वॉचमनला काठी घेऊन गच्चीवर पाठवलं, आणि नंतर कुणीतरी बघितलं की त्या बिबट्यामागची गाडीची नंबर प्लेट कुठल्याच भाषेत नाही. वनविभागाला शेवटी सांगावं लागलं की खोटे फोटो टाकाल तर कारवाई करू. गंमत म्हणून टाकणाऱ्याचं काय जातं, रात्रभर शोधायला जातात ते वनरक्षक, आणि ते तिकडं शिरूरच्या उसात असायला पाहिजेत तेव्हा इकडं बिल्डिंगच्या डक्टमध्ये बॅटऱ्या मारत बसतात.

रानटिपण

हेच. आणि याचा उलटा त्रासही आहे. परवा एकानं खरा फोटो टाकला तर खाली दहा जण "एआय आहे, एआय आहे".

हिंजवडी_ते_नारायणगाव

म्हणूनच तर खांबावरचा कॅमेरा पाहिजे ना! कुणीही फॉरवर्ड केलेला फोटो आणि ठरलेल्या जागेच्या, ठरलेल्या वेळेच्या कॅमेऱ्याचा फोटो यात फरक आहे. वनविभागाचा एकच अधिकृत चॅनेल, त्यावर आलं तर खरं, नाहीतर सोडून द्या. खोट्या एआयवर उतारा हवा असेल तर तो हाच आहे.

कुकडीकाठचा

चॅनेलवर टाकणार कोण? वनरक्षक एक, त्याच्याकडं गावं किती ते विचारा. पिंजरा हलवायचा त्यानं, पंचनामा त्यानं करायचा, शेळी मेली की भरपाईचे कागद त्यानं, चिडलेल्या लोकांच्या शिव्या त्यानं खायच्या, आता मोबाईलवर येणारे अलर्टही त्यानंच बघायचे. कॅमेरे शंभर आले तरी धावणारा माणूस तोच आहे. खांबांचं बजेट निघतं पण वनरक्षकाच्या भरतीचं निघत नाही, आणि हंगामी पोरं जी रेस्क्यू टीममध्ये असतात त्यांचा पगार वेळेवर होतो का हे एकदा त्यांनाच विचारा.

रानटिपण

यावर दुमत नाही. बिबट्यांच्या नसबंदीला केंद्रानं प्रायोगिक परवानगी दिलीये, त्यालाही पकडणारी, भूल देणारी, नंतर लक्ष ठेवणारी माणसंच लागणार. सॉफ्टवेअर बिबट्याला इंजेक्शन देत नाही.

हिंजवडी_ते_नारायणगाव

अहो पण एक माणूस आहे म्हणूनच त्याला सांगायला यंत्र पाहिजे की दहा गावांपैकी आज कुठल्या गावात आधी जायचं! तुम्ही प्रत्येक वेळी "हे नको ते द्या" करता. सरकारला तेच पाहिजे असतं, तुमचं भांडण लागलं की दोन्ही नाही मिळत.

वस्तीवरची

भांडून झालं असेल तर कामाचं विचारते. आमच्या खांबावरचं सोलर पॅनेल धुळीनं भरलंय, रस्त्याचं काम चालू आहे ना. पाच-सहा दिवस झाले, भोंगा वाजलेला नाही. बिबट्या आलाच नाही का यंत्र बंद आहे ते कसं कळणार? ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणाले वनविभागाला विचारा, वनविभागाचे म्हणाले बसवणाऱ्या ठेकेदाराला.

कुकडीकाठचा

हे बघा. झालं सुरू.

हिंजवडी_ते_नारायणगाव

ताई, ओल्या फडक्यानं पॅनेल पुसून घ्या आधी, पण कुणी शिडी धरायला घ्या आणि दिवसा. बंद पडलं तर त्यानं स्वतःहून मेसेज पाठवला पाहिजे, ही सोय नसेल तर ती पहिली मागायची. पुढच्या ग्रामसभेत ठराव घेऊ, मी सुट्टी टाकून येतो. देखभाल कुणाची ते कागदावर, दिवसाच्या लाईटची मागणी त्याच ठरावात, आणि टोळ्या आल्या की मुकादमांचे नंबर अलर्टच्या यादीत.

साखरशाळा

मुकादमाचा नंबर घेऊन उपयोग नाही. मुकादम गावात खोली घेऊन झोपतो. दर पाच-सहा कोप्यांमागं एकाचा तरी नंबर घ्या, बाईचा मिळाला तर बरं, आणि मेसेज नको, फोन लावा. त्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नाही.