विषय: नववीसाठी विहिरीच्या पातळीचा प्रकल्प

एका शिक्षिका ताईंनी विचारलंय की भूगोल, गणित, विज्ञान एकत्र येईल असा प्रकल्प नववीला कोणता द्यावा. विदर्भातल्या खेड्यात मला विहिरीइतका चांगला विषय दिसत नाही. जून ते डिसेंबर, दर सोमवारी एक मोजमाप.

कठड्यावर रंगाची पक्की खूण करा, दरवेळी तिथूनच वजन बांधलेला टेप सोडा. सुती दोरी नको, भिजली की तिची लांबी बदलते. आलेल्या आकड्यातून जमिनीपासून खुणेची उंची वजा करायला मुलं हमखास विसरतात. मोजायचं सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आधी. उपसा झाल्यावरचा आकडा खोटी घट दाखवतो. विहीर कठड्याचीच हवी आणि शिक्षक सोबत हवेतच.

पाऊस मोजायला सरळ भिंतीची बाटली. बुडाच्या खळग्यांवर येईल इतकं पाणी आधी भरून तिथे शून्य धरा. नोंद रोज सकाळी साडेआठला.

खरी गंमत पाऊस आणि पातळीच्या आलेखात आहे. मृगात पाऊस पडूनही पातळी जागची हलत नाही, कारण भेगाळलेली काळी माती आधी स्वतः पाणी पिते. हे आधी सांगून टाकू नका, मुलांनाच तो प्रश्न पडू द्या. मग त्यांना गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडे पाठवा. मराठीचं मुलाखतलेखन तिथेच होतं.