जुनी डिझेल स्टेशन वॅगन घ्यावी का? रोज सहा किलोमीटर, महिन्यातून दोनदा सहाशे

प्रश्न : सामानसुमान

नमस्कार. घरात आम्ही पाच माणसे आहोत आणि आई चाकांच्या खुर्चीवर असते. ही खुर्ची घडी करूनही उंच एसयूव्हीच्या डिक्कीत ठेवायची तर कमरेच्या वर उचलावी लागते; सेडानच्या डिक्कीचे तोंड इतके चिंचोळे असते की चाके काढल्याशिवाय ती आत शिरत नाही. स्टेशन वॅगनमध्ये, म्हणजे सेडानचेच छप्पर मागच्या टोकापर्यंत नेल्यासारख्या दिसणाऱ्या गाडीत, मागचा दरवाजा उघडला की डिक्कीचा तळ गुडघ्याच्या थोडासाच वर असतो आणि खुर्ची सरळ आत सरकते. एवढ्या एका कारणासाठी मी या गाड्यांकडे वळलो आहे.

पाहण्यात आलेली गाडी दहा वर्षांची आहे. दोन लिटरचे कॉमन रेल (एकाच सामाईक नळीतून सर्व नोझलांना दाबाखाली डिझेल पुरवणारे) डिझेल इंजिन, सहा गिअर, १,६०,००० किलोमीटर चाल. भार पडला तरी मागची उंची आपोआप सावरणारे शॉकॲब्सॉर्बर तिला मुळात होते, असे कागदपत्रांवरून दिसते. रोजचे काम शाळा आणि ऑफिस, म्हणजे जेमतेम सहा किलोमीटर. महिन्यातून दोनदा मात्र आम्ही पाचही जण सामानासह सहाशे किलोमीटर जातो. अशा वापराला डिझेल इंजिन मानवेल का, आणि वॅगनची म्हणून सेडानपेक्षा वेगळी अशी काय तपासणी करावी, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : नोझलवाला

मी डिझेल पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल दुरुस्त करतो, त्यामुळे इंजिनापुरते बोलतो. तुमचे सहाशे किलोमीटर या इंजिनाला औषधासारखे आहेत आणि रोजचे सहा किलोमीटर विषासारखे.

डिझेल इंजिन इंधनातील उष्णता पेट्रोल इंजिनापेक्षा कमी वाया घालवते, म्हणूनच ते उशिरा तापते. सहा किलोमीटरच्या अंतरात कूलंटचा काटा मध्यावर आलेला दिसला, तरी तेल आणि सायलेन्सरची नळी थंडच असते. दहा वर्षांच्या गाडीत काजळी पकडणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असणार हे गृहीत धरा. २००० साली प्यूजोने ६०७ या गाडीत तो कारखान्यातूनच बसवून दिला आणि पुढे हळूहळू सर्वांनीच त्याचा स्वीकार केला. हा फिल्टर भरत आला की साठलेली काजळी जाळावी लागते आणि त्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. ते गाठण्यासाठी संगणक पिस्टन खाली जात असताना उशिराने थोडे जादा डिझेल सोडतो. ते डिझेल पुढे नळीत जळावे अशी अपेक्षा असते, पण त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेलात उतरते. जळण्याची क्रिया चालू असतानाच तुम्ही शाळेच्या फाटकापाशी इंजिन बंद केले की काजळी अर्धवट राहते आणि दुसऱ्या दिवशी तोच खेळ पुन्हा सुरू होतो. प्रत्येक वेळी तेलात डिझेलची भर पडते, तेल पातळ होते आणि डिपस्टिकवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. तेल वाढले म्हणून आनंदणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहे; त्याच्या टर्बोचे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचे, बेअरिंग तीन महिन्यांत गेले.

तेव्हा आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर, इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर ठेवून, न थांबता चालवावी. इंजिन बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत असेल, उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा जास्त असतील किंवा गरम लोखंडासारखा वास येत असेल, तर जाळण्याचे काम अर्ध्यावर तुटले आहे असे समजावे आणि शक्य असल्यास गाडी घेऊन एक चक्कर मारून यावे. काजळी जळते, पण तेलातून येणारी राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते. यासाठी कमी राखेचे, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचेच तेल घालावे. फिल्टर पोकळ करून देणारे भेटतील, पण त्यांच्या नादी लागू नये.

घेण्यापूर्वी एक चाचणी आवर्जून करून घ्या. चारही नोझलांच्या परतीच्या नळ्या काढून प्रत्येकीला खुणा केलेली एकेक पारदर्शक बाटली जोडतात आणि इंजिन काही मिनिटे चालू ठेवतात. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखे चढले तर नोझल ठीक आहेत. एखादी बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर ते नोझल आतून झिजले आहे. कॉमन रेलमध्ये दाब प्रचंड असतो. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मध्ये ही पद्धत आली तेव्हाच तो १,३५० बार होता आणि नंतर वाढतच गेला. हा दाब तयार करणाऱ्या पंपाला वंगण म्हणून दुसरे काही नसते, ते काम डिझेलच करते. म्हणून पाणी मिसळलेले किंवा चुकून पेट्रोल पडलेले इंधन त्याला सोसत नाही. इंधन फिल्टर कधी बदलला, ही चौकशी टायमिंग बेल्टच्या चौकशीइतकीच महत्त्वाची आहे.

इंजिन बंद करतानाचा आवाजही कान देऊन ऐका. बंद होता होता गिअरबॉक्सच्या बाजूने खडखड आली तर दुहेरी फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणाऱ्या, स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन चकत्या) सैल झाले आहे. भरलेली वॅगन चढावर वरच्या गिअरमध्ये, बाराशे फेऱ्यांवर रेटत नेणारे मालक हे नुकसान हमखास करतात.

उत्तर २ : मागचा आस

इंजिनाविषयी वर नेमके सांगितले आहे. मी गाडीच्या मागच्या भागाविषयी लिहितो, कारण वॅगनची खरी परीक्षा तिथे होते आणि विकत घेणारे बहुतेक लोक बॉनेट उघडून तिथेच थांबतात.

सेडानचे छप्पर मागे वाढवले की वॅगन होते, हा समज चुकीचा आहे. सेडानमध्ये मागच्या सीटच्या पाठीशी बहुधा लोखंडी आडपडदा असतो, तो सांगाड्याला ताठरपणा देतो. वॅगनमध्ये तो नसतो. उलट मागे भलेमोठे भोक असते. म्हणून दरवाजाच्या चौकटीभोवतीचे कडे मजबूत करावे लागते. जुन्या वॅगनचे एक मागचे चाक उंचवट्यावर चढवून दरवाजा उघडबंद करून पाहा. कुलूप अडखळले किंवा फटी एका बाजूला फाकल्या तर सांगाडा थकला आहे किंवा गाडी कुठेतरी आपटली आहे.

भाराचा प्रश्न याहून मोठा आहे. रिकाम्या गाडीत मागच्या आसावर थोडेच वजन असते. माणसे आणि सामान भरले की वाढलेल्या वजनाचा बराचसा हिस्सा तिथेच येतो. स्प्रिंग मऊ ठेवावी तर भरलेली गाडी मागे बसते आणि पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांकडे पाहू लागतात. कडक ठेवावी तर रिकाम्या गाडीत पाठीचा कणा खिळखिळा होतो. या पेचातून प्रत्येकाने आपापला मार्ग काढला. प्यूजोने ५०४ च्या वॅगनला सेडानपेक्षा १६ सेंटीमीटर लांब चाकांचे अंतर दिले आणि मागच्या सरळ आसावर चार स्प्रिंगा बसवल्या. मर्सिडीजने १९७७ साली दाखवलेल्या आपल्या १२३ मालिकेतील वॅगनमध्ये इंजिनावर चालणाऱ्या तेलाच्या पंपाने मागची उंची सावरण्याची सोय सर्वच गाड्यांना दिली. पाच सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची ३०० टीडी त्यांतलीच.

तुमच्या गाडीत जे शॉकॲब्सॉर्बर मुळात असावेत ते निव्होमॅट पद्धतीचे वाटतात. त्यांना ना वायर, ना बाहेरची नळी. चाक खालीवर होताना आतला दांडा पंपासारखा काम करतो, तेल दाबाखाली ढकलतो आणि एकदोन किलोमीटरमध्ये गाडी मूळ उंचीवर येते. म्हणजे भरलेली गाडी उभी असताना मागे बसलेली दिसली तर घाबरू नये. चालवल्यावरही तशीच राहिली तर मात्र दोष आहे. मेख अशी की या शॉकॲब्सॉर्बरसोबत येणाऱ्या स्प्रिंगा जाणूनबुजून मऊ असतात, कारण भाराचा काही वाटा शॉकॲब्सॉर्बरच उचलतो. ते महाग म्हणून कुणी साधे शॉकॲब्सॉर्बर बसवले आणि स्प्रिंगा त्याच ठेवल्या, तर गाडी कायमची मागे झुकते.

गाडीवरच्या पट्टीवर अनुज्ञेय एकूण वजन लिहिलेले असते. ते समजा २,१५० किलो आहे आणि रिकामी गाडी १,६०० किलोची आहे; उरलेल्या ५५० किलोंत माणसेही धरायची असतात. पाच प्रौढ माणसे बसली की सामानाला दोनशे किलो उरणेही कठीण होते, मग छपरावर पेटी चढवण्याचा मोह कशाला? मागच्या टायरमधली हवा भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे वाढवा आणि खुर्चीसारखी जड वस्तू सीटच्या पाठीला टेकवून, तळाशीच बांधून ठेवा. लांब वस्तू मावत नाही म्हणून मागचा दरवाजा अर्धा उघडा ठेवून कधीही जाऊ नये. वॅगनच्या उभ्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर त्या फटीतून थेट आत ओढला जातो. मागची काच पावसात इतक्या लवकर मळते आणि तिथे वायपर लागतोच, तेही याच कारणाने.

उत्तर ३ : पेट्रोलपक्ष

एक आक्षेप नोंदवतो. डिझेलच्या ॲव्हरेजचे सारे श्रेय इंजिनाला देऊ नये. एका लिटर डिझेलमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा मुळातच जास्त असते, कारण ते इंधन जड आहे. त्याउपर जो फायदा दिसतो तो जास्त कॉम्प्रेशनचा आणि हवेचा मार्ग थ्रॉटलने न आवळण्याचा आहे, आणि तो लांबच्या प्रवासात खरा असला तरी सहा किलोमीटरच्या थंड फेऱ्यांत बराचसा विरून जातो. वॅगन जरूर घ्या, पण तीच गाडी पेट्रोलमध्ये मिळते का ते आधी पाहा.

सामानसुमान (पुन्हा)

सर्वांचे आभार. आज टेप आणि टॉर्च घेऊन गाडी पाहून आलो. दहा किलोमीटर चालवून सपाट जागी, रिकाम्या गाडीतच, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. पुढे दोन्ही बाजूंना ३९ सेंटीमीटर भरले, मागे मात्र ३६. खाली वाकून पाहिले तर मागचे शॉकॲब्सॉर्बर नवेकोरे आणि बारीक अंगाचे आहेत. डिपस्टिक पुसून पुन्हा घातली तेव्हा तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होते आणि त्याला डिझेलचा उग्र वास होता. बाटल्यांची चाचणी करू द्यायला विक्रेता तयार आहे.

मागचा आस

पुढच्या आणि मागच्या मडगार्डची उंची मुळातच वेगळी असू शकते, त्यामुळे नुसता तीन सेंटीमीटरचा फरक पुरावा म्हणून पुरत नाही. पण बारीक अंगाचे शॉकॲब्सॉर्बर हा पुरावा आहे. निव्होमॅटचे नळकांडे चांगलेच जाड असते. एकतर मूळ शॉकॲब्सॉर्बर बसवा किंवा साध्यांना जुळणाऱ्या कडक स्प्रिंगा घाला. दोन्हींचा खर्च विचारून ठेवा आणि तेवढी रक्कम सौद्यातून कमी करायला सांगा.

नोझलवाला

बोटभर जास्त तेल असलेले इंजिन जास्त पळवू नका. तेल इतके वाढले की क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा दांडा, ते घुसळतो आणि अति झाल्यास ते हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरून इंजिन किल्ली काढल्यावरही स्वतःच्याच तेलावर पळत सुटते. बाटल्या लावण्यापूर्वी तेल बदलायला लावा. फिल्टरमधला दाब, काजळी आणि राख यांचे आकडे संगणकावर वाचता येतात. राख जास्त निघाली तर गाडी सोडून द्या. आकडे ठीक आले आणि रोजच्या सहा किलोमीटरसाठी घरात दुसरे वाहन असेल, तर मात्र मी ही गाडी घेईन.

सामानसुमान

दुसरे वाहन आहे, पत्नीची छोटी पेट्रोल गाडी. शाळा आणि ऑफिस तिच्यावर होईल. तेल बदलून चाचणी गुरुवारी ठरली आहे. चारही बाटल्यांचे आकडे इथे लिहितो.