अनुभव धागा : वर्षानुवर्षं अडकून पडलेले रॅप आल्बम – तुमच्या कानांना कसे वाटले?

काही रॅप आल्बम रेकॉर्ड झाले, मिक्स झाले, आणि तरीही कंपन्यांनी ते कपाटात टाकून दिले. केएमडी या गटाचा 'ब्लॅक बास्टर्ड्स' 1993 चा. मुखपृष्ठावरच्या चित्रावरून वाद पेटला आणि 1994 मध्ये इलेक्ट्राने तो काढायला नकार दिला. लार्ज प्रोफेसरचा 'द एलपी' 1996 मध्ये गेफेनकडे अडकला तो अधिकृतपणे यायला 2009 उजाडलं. आयएनआयचा 'सेंटर ऑफ अटेन्शन' 1990 च्या दशकाच्या मध्यावरचा, बीबीईने 2003 मध्ये काढला. मधल्या काळात कॅसेटवरून कॅसेट, मग सीडी, मग एमपीथ्री असा त्यांचा प्रवास चालूच होता, आणि आपल्यापैकी बहुतेकांची ओळख अशाच कुठल्यातरी पुसट कॉपीतून झाली.

या आल्बमांचे शब्द, बीट, त्यामागचं राजकारण यावर पुष्कळ लिहून झालंय. इथे फक्त आवाजाच्या दर्जाबद्दल लिहा. प्रत कोणती, कशावर ऐकली, काय हरवलंय, काय नको तितकं वाढलंय. नुसतं 'भारी वाटतं' नको. कुठल्या जागी, कशामुळे, तेही येऊ द्या. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. अधिकृत प्रत म्हणजे उत्तम प्रत असं दर वेळी नसतं, आणि बूटलेगची, म्हणजे परवानगीशिवाय काढलेल्या प्रतीची, खरखर म्हणजे अस्सलपणा हेही मला पटत नाही. प्रत्येक प्रतीपाशी कान लावून बसावं लागतं.

* * *

मी आयएनआयबद्दल लिहितो. माझ्याकडे आधी आली ती बूटलेग एलपी. अख्खा आल्बम दोन बाजूंवर कोंबलेला. बाजू जितकी लांब तितक्या खाचा जवळजवळ, म्हणजे आवाज हळू कापावा लागतो. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि त्याबरोबर रेकॉर्डची चरचरही वाढते. प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात सुई आतल्या खाचांत पोचली की 'स' फाटायला लागतो. गाणं जाड कांबळ्याखाली वाजत असावं, तसं सगळं दबलेलं.

पण या आल्बमच्या बाबतीत आपल्या हातात एक मोजपट्टी आहे. 'फेकिन जॅक्स' हे गाणं त्या काळातच बारा इंची सिंगल म्हणून रीतसर आलं होतं. तिथे खाचांना भरपूर जागा, त्यामुळे आवाज दणदणीत. बूटलेग, सिंगल आणि 2003 ची सीडी या तिन्हींवर तेच गाणं लागोपाठ लावून बघा. आल्बमचा निर्माता पीट रॉक. त्याचा बेस फिल्टर केलेला, गोल असतो आणि हॉर्न्स तो मुद्दाम मागे, जरा पुसट ठेवतो. सिंगलवर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि बेस वेगवेगळे ऐकू येतात, हॉर्न मागे असूनही त्याचा काठ कळतो. बूटलेगवर किक आणि बेस यांचा एकच गोळा होतो, हॉर्न जवळपास गायब. सीडी सिंगलच्या बरीच जवळ जाते, म्हणून तिच्यावरच्या बाकीच्या गाण्यांवरही माझा विश्वास बसतो. 'द एलपी'लाही हीच युक्ती चालते, त्यातलीही एक-दोन गाणी 1996 मध्येच सिंगल म्हणून आली होती.

* * *

मी मिक्सिंगचं काम करते. वर 'पुसट' हा शब्द आलाय म्हणून थोडं तपशिलात जाते, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते.

पीट रॉक आणि लार्ज प्रोफेसर ज्या एसपी-1200 या सॅम्पलरवर बीट बनवायचे ते मशीन 1987 चं. जुन्या रेकॉर्डमधले तुकडे, म्हणजे सॅम्पल, उचलून ते वाजवतं. 12 बिट, 26.04 किलोहर्ट्‌झ, आणि सॅम्पलसाठी सगळी मिळून जेमतेम 10 सेकंद. जागा वाचवायला लोक मिनिटाला 33 फेऱ्यांची रेकॉर्ड 45 वर लावून सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये ते पुन्हा खाली ओढायचे. या खटाटोपात ड्रमला खरखरीत कड येते आणि वरच्या पट्टीत मूळ रेकॉर्डमध्ये नसलेले आवाज मिसळतात. ती खरखर निर्मात्याला हवीच होती. ती काढून टाकणारा मास्टरिंग इंजिनिअर गाणं साफ करत नाही, खरवडतो.

मग खराब प्रत ओळखायची कशी? ड्रम ऐकून नाही. रॅपरचा आवाज ऐकून. तो त्या सॅम्पलरमधून गेलेला नसतो. चांगल्या मायक्रोफोनमधून थेट टेपवर उतरलेला असतो. दोन ओळींच्या मधला श्वास, 'ट'चा फटका, 'स'ची धार, शब्द संपताना ओठ मिटल्याचा बारीक आवाज. ड्रम खरखरीत आणि श्वास स्वच्छ, तर ती प्रत मास्टरच्या, म्हणजे मूळ टेपच्या, जवळची. दोन्ही मऊ पडले असतील तर मध्ये बऱ्याच कॉप्या झाल्या आहेत. ड्रम कडक पण आवाज पातळ आणि टोचरा असेल, तर कोणीतरी मेलेल्या कॉपीचा ट्रेबल वाढवून ती नवीन म्हणून दिलीय. हा तिसरा प्रकार सर्वांत फसवा. पहिल्या ऐकण्यात तो झकास वाटतो आणि आल्बम अर्धा झाला की कान दुखायला लागतात.

* * *

श्वासाची कसोटी फार आवडली! लगेच हेडफोन लावून 'द एलपी'ची माझ्याकडची जुनी कॉपी आणि 2009 ची प्रत तपासली. जुन्या कॉपीत श्वास नाहीच. नव्यात कडव्याच्या आधी स्पष्ट ऐकू येतो.

* * *

क्यू-टिपचा 'कमाल द ॲबस्ट्रॅक्ट' मी कितीतरी वर्षं 128 केबीपीएसच्या, म्हणजे बरंच चेपून लहान केलेल्या, एमपीथ्रीवर ऐकला. 2002 मध्ये अरिस्टा कंपनीने तो थांबवला, पण प्रती बाहेर गेल्या होत्या आणि त्यावरून केलेल्या फाइली फिरत होत्या. हा आल्बम वाजवणाऱ्या माणसांचा आहे. गिटार, कीबोर्ड, बासरी, लांबलचक सोलो. असल्या संगीतात 128 ची अब्रू जाते. झांज वाजून विरत जाते ना, ती शेपटी पाण्यातून आल्यासारखी डुचमळते, आणि टाळ्यांचा आवाज चुरगळतो. 2009 ची सीडी लावली तेव्हा मला आधी जाणवली ती झांजच. ती विझेपर्यंत ऐकू येते. सॅम्पलवर उभा असलेला आल्बम कमी बिटरेट बराच सोसतो, हा नाही सोसत.

दोन गोष्टी सगळ्यांनी कराव्यात असं वाटतं. एक, तुलनेआधी दोन्ही प्रतींची लेव्हल जुळवा. जोरात वाजणारी प्रत कानाला नेहमी आधी जिंकते, मग ती लिमिटरने (आवाजाची टोकं दाबणाऱ्या यंत्राने) कितीही चेपलेली असो. दुसरं, 'लॉसलेस', म्हणजे काहीही न गमावता साठवलेली, म्हणून मिळालेली फाइल स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातल्या कंपनसंख्यांच्या चित्रात) उघडून पाहा. चित्र 16 किलोहर्ट्‌झपाशी सुरीने कापल्यासारखं थांबत असेल, तर बहुधा 128 चीच फाइल फ्लॅक या लॉसलेस प्रकारात गुंडाळून दिलेली आहे. त्यात एकदा गेलेलं परत येत नाही.

* * *

मी कॅसेटवाला, आणि मला वरचं सगळं मान्य होऊनही माझं म्हणणं वेगळं आहे. स्लम व्हिलेजचा 'फँटॅस्टिक, व्हॉल्यूम 1' डेट्रॉइटमध्ये 1990 च्या दशकात कॅसेटवरच हातोहात पसरला. अधिकृत प्रत आली ती 2000 च्या दशकात. हा आल्बम मुळातच डेमोसारखा, घरगुती, रासवट रेकॉर्ड झालेला. त्याची 'चांगली' प्रत शोधणं मला निरर्थक वाटतं. गटाचा निर्माता जे डिला, त्याचा स्नेअर (कडक वाजणारा ड्रम) टेपवर किंचित दबतो आणि बीटच्या मागे रेलतो, त्या दबण्यातच त्याची मजा आहे. टेपवर जरा जास्त लेव्हलने रेकॉर्ड झालं की ड्रमची टोकं आपोआप गोल होतात, आणि या संगीताला ते शोभतं. मी नवी प्रत दोनदा ऐकून कॅसेटकडे परतलो, आणि तिथेच राहणार आहे.

* * *

कॅसेटवाल्यांचं प्रेम समजतं, पण वेगाचं काय? इथे अजून कोणी सुराबद्दल लिहिलं नाही.

मी कीबोर्ड वाजवतो. नवी-जुनी कुठलीही कॉपी आली की आधी गाण्याबरोबर बेसलाइन वाजवून बघतो. बूटलेगमध्ये ती कित्येकदा दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लटकत असते. सॅम्पल मुळातच पिच बदलून घेतलेलं असतं, त्यामुळे एवढ्यावरून टेप तेज होती असं म्हणता येत नाही. त्यासाठी वेग मोजायचा. बीट मशीनने वाजवलेला असतो, त्याचा टेम्पो गाणंभर टिकायला हवा. मोजणीत तो पुढे-मागे सरकत असेल तर दोष टेपचा. आणि सिंगलवर एक टेम्पो, बूटलेगवर दुसरा, तर हिशेब सोपा आहे. वेग सुमारे 6 टक्के वाढला की गाणं अख्ख्या अर्धस्वराने चढतं.

एवढ्याने काय बिघडतं, असं वाटेल. माणूस बदलतो! 'ब्लॅक बास्टर्ड्स'चंच घ्या. केएमडीतला झेव्ह लव्ह एक्स म्हणजे पुढचा, मुखवटा घालणारा रॅपर एमएफ डूम. आल्बमच्या काळातच, 1993 मध्ये, त्याचा भाऊ आणि गटातला साथीदार सबरॉक वारला, नंतर आल्बमही अडकला, आणि मुखवट्याआडून तो परतला तेव्हा त्याचा आवाज घोगरा, जड झालेला होता. त्या दोन आवाजांमधलं अंतर हे कित्येक श्रोत्यांसाठी या आल्बमचं काळीज आहे. तेज चाललेल्या टेपवरून केलेली कॉपी ऐकलीत, तर हे अंतर तुम्हाला उगाच मोठं ऐकू येतं. तरुण आवाज आणखी पोरगेलासा होतो. सबरॉकच्या बाबतीत तर आपल्याकडे नंतरचा आवाज नाहीच. जो आहे तो तरी योग्य वेगात ऐकावा.

* * *

वरचा प्रतिसाद वाचून थांबले जरा. अगदी खरं.

जे डिलाच्या 'द डायरी'बद्दल लिहिते. 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला एमसीए कंपनीसाठी केलेलं काम, तो 10 फेब्रुवारी 2006 ला गेला, आणि आल्बम त्याच्या पश्चात पुरा करून 2016 मध्ये आला. आधी फिरत असलेल्या कच्च्या प्रतींमध्ये त्याचा आवाज बीटमध्ये बुडालेला असायचा, शब्द लावून घ्यावे लागायचे. 2016 च्या प्रतीत तो समोर उभा आहे. गाडीत, छोट्या स्पीकरवर, कुठेही शब्द कळतो. ऐकायला मी हीच घेते. तरीही एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. आवाज बुडवणं ही घाई होती की त्याची आवड? त्याचे हात ज्या मिक्सला लागले तो मिक्स वेगळाही जपून ठेवायला हवा, मग तो कितीही चिखलात असो. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि जुनी प्रत मी पुसणार नाही.

* * *

जे इलेक्ट्रॉनिकाच्या 'ॲक्ट टू'चा उल्लेख नाही? ऑक्टोबर 2020 मध्ये फुटला आणि लगोलग टायडल या स्ट्रीमिंग सेवेवर आला. काही गाणी मास्टर होऊन आलेली वाटतात, काही अपुरी. एका गाण्यावर लावलेला व्हॉल्यूम पुढच्या गाण्याला पुरत नाही. पण तो अनेक वर्षांचा ऐवज आहे, आणि सगळ्याला एकच रंग फासून सपाट केला नाही हे मला बरं वाटलं.

* * *

माझ्याकडे ओळखीच्या एका डीजेकडून आलेली एक प्रमोशनल कॅसेट आहे. आल्बमचं नाव नको, पण वरच्यांपैकीच. मधून मधून कंपनीचा माणूस बोलतो, तसली. डिजिटल करायची आहे. कॉम्प्युटरला नुसती जोडून चालेल का?

* * *

(धागाकर्ती) चालेल, पण घाई नको. आधी हेड आणि रोलर स्पिरिटने पुसून घ्या. कॅसेटवर डॉल्बी बीची (टेपची सूं-सूं कमी करणाऱ्या पद्धतीची) खूण असेल तर एकदा डॉल्बी लावून, एकदा न लावता, अशा दोन्ही नोंदी करा. डेक नीट जुळलेला नसेल तर डॉल्बी लावल्यावर ट्रेबल आणखी मरतो. पण नोंद घेण्याआधी आवाज मोनो करून हाय-हॅट (ड्रमसेटमधली छोटी झांजेची जोडी) ऐकत हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवा. एका जागी हाय-हॅट एकदम उघडेल, तिथे थांबा. या स्क्रूने हेडचा कोन बदलतो, आणि तो चुकलेला असेल तर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते भरून काढू शकत नाही. 24 बिटमध्ये घ्या, लाल रेषेपासून बरंच खाली, आणि ती मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवा. कंपनीच्या माणसाचं बोलणंही राहू द्या, प्रत कुठली ते त्यावरून ओळखता येतं. आणि पहिलं गाणं सुरू होण्याआधीची रिकामी सूं-सूं कापू नका. पुढे कोणाला खरखर कमी करायची झाली तर तिचा नमुना तेवढ्याच तुकड्यातून मिळतो.