मदत हवी आहे: १८.२ किलोहर्ट्झचा सिग्नल रोज दुपारी बसतो (व्हीएलएफ, इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितोय, लोकमान्य नगर. नोकरी अकाउंट्सची, रेडिओचं शिक्षण शून्य, तेव्हा चूक दिसली तर बिनधास्त बोला. मराठीत मधेच हिंदी घुसेल, तेही सांभाळून घ्या.

मे २०२४ च्या सौर वादळात लडाखला हानलेचं आकाश लाल झालं, तेव्हा हे खूळ डोक्यात शिरलं. इंदुरात आकाश लाल व्हायची वाट बघण्यात अर्थ नाही. पण व्हीएलएफवर, म्हणजे ३ ते ३० किलोहर्ट्झच्या अगदी खालच्या रेडिओ लहरींवर, कान लावला तर सौर ज्वाला घरबसल्या पकडता येते असं वाचलं. क्ष-किरणांनी आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) सगळ्यात खालचा डी-थर दाट होतो, लांबच्या स्टेशनचा सिग्नल झटकन चढतो आणि मग सावकाश उतरतो.

माझं सामान असं: गच्चीवर एक मीटर बाय एक मीटरची लाकडी चौकट, त्यावर २८ नंबरच्या एनॅमल तारेचे ६० फेरे. हाच अँटेना, म्हणजे लूप. मोटर वायंडिंगवाल्याकडून तार घेतली, २४० मीटर म्हणजे बरोब्बर पाव किलो भरली. लूपला समांतर तीन डिस्क कपॅसिटर, मिळून पाच-सहा नॅनोफॅरड, १८.२ वर ट्यून केलेले. ते आणि टीएल०७२ चिपचा प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) चौकटीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या डबीत. तिथून खाली लॅपटॉपचं साउंडकार्ड, ४८ हजारांचं सॅम्पलिंग, आणि सिग्नलचा आलेख काढणारं स्पेक्ट्रम लॅब हे सॉफ्टवेअर. लूपची कड दक्षिणेकडे, कारण १८.२ म्हणजे तिरुनेलवेलीजवळचं आपल्या नौदलाचं विजयनारायणम. पाणबुड्यांशी बोलणारं स्टेशन, इथून साधारण १६०० किलोमीटर. १९.८ वर ऑस्ट्रेलियाचं नॉर्थ वेस्ट केपही येतं, पण फिकट.

फेब्रुवारीत सगळं झकास होतं. सूर्योदयाला आलेखात खळगा पडायचा, दिवसभर रेघ स्थिर. मार्च संपता संपता बिघडलं. आता रोज साडेदहा-अकराला १८.२ उतरायला लागतं, तीनच्या सुमारास जवळजवळ गायब, संध्याकाळी सातपर्यंत जागेवर. गंमत म्हणजे त्याच वेळी ऑस्ट्रेलियाची रेघ ठळक होते! मागच्या आठवड्यात एक दिवस ढग भरून आले, अवकाळीचे चार थेंबही पडले. त्या दिवशी सिग्नल बसलाच नाही. म्हणून मला वाटतंय की हे सूर्याचंच काम.

करून पाहिलेलं: लॅपटॉप बॅटरीवर चालवला. घराचा मेन बंद केला. आईची कुरडयांची लोखंडी खाट लूपजवळ होती ती गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली (यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही). फरक शून्य.

उन्हाळ्यात डी-थर इतका दाट होतो का, की सिग्नल पार गिळून टाकतो? का माझंच काही चुकतंय?

प्रतिसाद १

शेजारी कुणी सोलर बसवलंय का? त्याचा इन्व्हर्टर दिवसाच घाण करतो. आमच्याकडे असंच होतं.

धागाकर्ता

दोन घरं सोडून आहे. पण गोंगाट वाढत नाहीये हो, सिग्नलच उतरतोय.

प्रतिसाद २ (वडोदऱ्याहून)

दादा, आयनोस्फिअरला सोडा, ते निर्दोष आहे. तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे.

डी-थर जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटर वर. ढग त्याच्या कितीतरी खाली. ढग आले म्हणून त्याला सावली कशी मिळेल? सावली मिळाली ती तुमच्या गच्चीला.

दुसरं, वेळ बघा. डी-थर सूर्याच्या उंचीबरोबर चालतो, फार तर काही मिनिटं मागे. इंदुरात सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या जरा आधी. तुमचा तळ तीनला. तीनला कळस गाठतो तो उकाडा.

आता ती काळी डबी. डिस्क कपॅसिटर बहुतेक झेड५यू किंवा वाय५व्ही या सिरॅमिक जातीचे असणार. ते तापले की कपॅसिटन्स धडाधड घसरतो. फक्त १५ टक्के घसरला तरी १८.२ ला ट्यून केलेला लूप १९.७ वर जाऊन बसतो. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दारात! म्हणून ती रेघ ठळक. उन्हाळ्यात तुम्ही नकळत दर दुपारी स्टेशन बदलताय.

खात्री करायची तर रेघा बघू नका, त्यांच्यामागचा गोंगाट बघा. ट्यून केलेल्या लूपमध्ये गोंगाटाला एक उंचवटा असतो. तो दुपारी उजवीकडे सरकला तर गुन्हेगार डबीतच आहे.

धागाकर्ता

तीनपर्यंत थांबवेना. काल रात्री अकराला बायकोचा हेअर ड्रायर आणि एक्स्टेंशन बोर्ड घेऊन गच्चीवर गेलो. मुलगा खाली स्क्रीनसमोर, फोन चालू. डबीवर गरम हवा सोडली आणि मिनिटभरात तो ओरडला, "बाबा, डोंगर चालायला लागला!" १८.२ वरून उंचवटा हळूहळू निघाला, १९ ओलांडून पुढे गेला. ड्रायर बंद केला तसा परत यायला लागला, पण कंटाळवाण्या गतीने, वीसेक मिनिटं लागली. समोरच्या गच्चीवरचे काका सगळा वेळ बघत होते. त्यांना काय वाटलं असेल ते विचारायची हिंमत झाली नाही.

दीड महिना मी हे आलेख "सूर्याचा परिणाम" म्हणून फाइलला लावत होतो. तसा तो सूर्याचाच होता म्हणा.

आता प्रश्न: पॉलिस्टायरीन कपॅसिटर लावा असं सगळीकडे लिहिलंय. जेल रोडवर चार दुकानं फिरलो, नाव ऐकूनच लोक माझ्याकडे बघायला लागले.

प्रतिसाद २ (वडोदऱ्याहून)

पॉलिप्रॉपिलीन घ्या, चालतं. पंख्याच्या कपॅसिटरमध्ये तेच असतं, पण तो मायक्रोफॅरडमधला, तो नको. नॅनोफॅरडमधले छोटे मिळतात, "पीपी फिल्म" म्हणून मागा. आणि डबीला पांढरा रंग मारा, किंवा सरळ लूपच्या सावलीत बांधा. पूर्ण इलाज हवा असेल तर कपॅसिटर काढूनच टाका. सिग्नल कमी मिळेल, प्रीअँपचा गेन वाढवावा लागेल, पण ट्यूनिंगच नाही तर सरकणार काय? विजयनारायणम इतकं जोरात आहे की तुम्हाला पुरेल.

धागाकर्ता

आधी पीपी लावून बघतो. खाट जागेवर ठेवून आलोय.